चौदाचे एकोणीस: नवेगाव बांध, रॉ फाइल आणि एचडीआर

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी छाटली आहे, बाकी जसं बोललो तसंच.)

आज फोटोंबद्दल बोलायचंय. म्हणजे खरं तर एका फोटोतल्या पाच पक्ष्यांबद्दल.

झालं असं, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आपल्या एका श्रोत्याने नवेगाव बांधचे चार फोटो पाठवले. हिवाळ्यातली सकाळ, सूर्य नुकताच वर आलेला, समोर डोंगराची काळी रेघ, खाली पाणी आणि पाण्यावर पट्टकादंबांचा थवा. काही पोहतायत, काही उडतायत, काही उतरतायत. पट्टकादंब म्हणजे डोक्याच्या मागे दोन काळे पट्टे असलेला तो राखाडी पक्षी, हिमालय ओलांडून आपल्याकडे हिवाळ्यात येणारा. चारपैकी तीन फोटो रॉ फाइली होत्या. एकाच जागेवरून काढलेल्या: एक काळपट, एक मध्यम, एक उजळ. चौथा फोटो म्हणजे या तिघांना मोबाइलवर जोडून केलेला एचडीआर. खाली लिहिलं होतं, "दादा, हा पक्षीगणनेच्या ग्रुपवर टाकू का?"

फोटो दिसायला छानच होता. आभाळ शाबूत, डोंगरावरची झाडंही दिसतायत. मी सवयीने पक्षी मोजले. १९ भरले. मग तिन्ही रॉ उघडून मोजले. प्रत्येकात १४.

म्हणजे पाच पक्षी सॉफ्टवेअरने आणून बसवले. आपल्या मित्राने कुठलीही लबाडी केलेली नाही, हे आधी सांगतो. त्याने यूट्यूबवर शिकवतात तसंच सगळं केलं. आणि त्याची परवानगी घेऊनच हे सांगतोय. तोच म्हणाला, "सांगा, बाकीच्यांनाही कळू द्या."

ज्यांनी नवेगाव बांध पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. गोंदिया जिल्ह्यातला हा तलाव आपल्या पूर्व विदर्भातल्या जुन्या तलावांपैकी एक. कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं सांगतात. कोहळी समाज तलाव बांधण्यासाठीच ओळखला जायचा. भोवती डोंगर, जंगल. १९७५ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. मारुती चितमपल्ली इथे वनाधिकारी होते. त्यांच्या लिखाणामुळे इथले पक्षी महाराष्ट्रभर घरोघरी पोहोचले. झाली दोन वाक्यांची आठ, पण असू दे.

आता मुद्द्यावर येऊ. मुळात तीन फोटो काढायची गरज का पडते?

प्रकाश मोजताना फोटोवाले 'स्टॉप' म्हणतात. एक स्टॉप म्हणजे दुप्पट. दोन स्टॉप म्हणजे चौपट, दहा स्टॉप म्हणजे १,०२४ पट. नवेगावला सकाळी उजेडाकडे तोंड करून उभे राहिलात तर सूर्याजवळचं आभाळ आणि डोंगराच्या सावलीतलं झुडूप यांच्यातला फरक सहज १५ स्टॉपच्या पुढे जातो. चांगला मोठा सेन्सर असलेला कॅमेरा, कमी आयएसओवर, साधारण १३-१४ स्टॉप पकडतो. मोबाइलचा इवलासा सेन्सर एका फ्रेममध्ये त्याहून बराच कमी. मग काहीतरी सोडावं लागतं. आभाळ वाचवा, डोंगर काळा. डोंगर वाचवा, आभाळ पांढरंफटक.

हे दुखणं फोटोग्राफीइतकंच जुनं आहे बरं का. १८५० च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे नावाचा फ्रेंच फोटोग्राफर समुद्राचे फोटो काढायचा. त्या काळच्या काचा निळ्या रंगाला इतक्या संवेदनशील होत्या की आभाळ कोरंच यायचं. म्हणून त्याने काही चित्रांत समुद्रासाठी एक निगेटिव्ह आणि आभाळासाठी दुसरी वापरली, आणि क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जोडल्या. लोक थक्क झाले. आज आपण स्लायडर सरकवून करतो ते हेच. संगणकावर वेगवेगळ्या एक्सपोजरचे फोटो जोडून खरा प्रकाश किती होता हे काढायची पद्धत पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये मांडली. पुढची सगळी गर्दी त्यानंतरची.

आता रॉ. रॉ फाइलला पुष्कळजण 'मोठ्या साइजचा फोटो' समजतात. तसं नाही. रॉ हा अजून फोटोच नसतो. सेन्सरवर प्रत्येक ठिपक्यापुढे एक रंगीत काच असते: लाल, हिरवी किंवा निळी. त्यातल्या निम्म्या हिरव्या. म्हणजे प्रत्येक ठिपक्याला एकच रंग माहीत असतो. रॉ फाइलमध्ये हे नुसते आकडे असतात, इतका उजेड पडला, इतका पडला, बस. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांना विचारून भरायचे, पांढरं कशाला म्हणायचं ते ठरवायचं, उजेड-अंधाराचा चढउतार डोळ्याला पटेल असा करायचा, हे सगळं करणाऱ्या सॉफ्टवेअरला रॉ कन्व्हर्टर म्हणतात. तुम्ही जेपेग काढता तेव्हाही हेच होतं, फक्त कॅमेरा आपल्या मनाने करतो, उरलेला माल फेकून देतो आणि तयार डबा तुमच्या हातात ठेवतो.

किती फेकतो? जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. पण त्यात एक गोम आहे, आणि हा सगळा भाग विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा. या पायऱ्या सारख्या वाटलेल्या नसतात. सेन्सर सरळ मोजतो, दुप्पट उजेड म्हणजे दुप्पट आकडा. त्यामुळे सगळ्यात उजळ एका स्टॉपमध्येच ८,१९२ पायऱ्या जातात. त्याखालच्यात ४,०९६. त्याखाली २,०४८. असं निम्मं निम्मं होत दहाव्या स्टॉपला पोहोचता तेव्हा हातात उरतात १६. डोंगराच्या सावलीतलं झुडूप त्या १६ पायऱ्यांत बसलंय. ते उजळ करायला गेलात की दाणेदार, डागाळलेलं दिसतं ते म्हणूनच.

आणि वरच्या टोकाला उलटा प्रकार. तिथे पायऱ्या भरपूर, पण छत गाठलं की संपलं. छतावर आकडाच नाही. अंधार हळूहळू बिघडत जातो, उजेड एकदम तुटतो. म्हणून उगवत्या सूर्याकडे कॅमेरा धरताना आभाळ वाचवायचं, हा नियम. थोडा अंधार परवडतो.

त्यातही कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम जेपेगवरून काढलेला असतो, रॉवरून नाही. रॉमध्ये वर थोडी जागा जास्त असते, साधारण अर्धा ते एक स्टॉप. पण लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा हिस्टोग्राम लावा. सूर्योदयाला बऱ्याचदा लाल रंग आधी फुटतो आणि एकत्रित पांढरा आलेख तुम्हाला म्हणतो, सगळं ठीक आहे. मग घरी येऊन बघता तर सूर्याभोवती पिवळट चकती आणि तिला कापल्यासारखी कडा. कधी उजळ ढगात गुलाबी डाग दिसतात, तेही याच घरातले: हिरवा रंग छताला टेकलेला, लाल-निळा व्हाइट बॅलन्सने वाढवलेला, मग उरतं काय तर गुलाबी.

आता आपल्या मित्राच्या तीन फ्रेम. एफ/८, आयएसओ १००, शटर १/२५०, १/६० आणि १/१५. दोन-दोन स्टॉपचं अंतर. हे त्याने अगदी बरोबर केलं. अ‍ॅपर्चर बदललं असतं तर मागचं-पुढचं धूसर होणं बदललं असतं, आयएसओ बदललं असतं तर दाणे बदलले असते. शटरच बदलायचा. फोकस एकदा लावून बंद करायचा. रॉ असेल तर एक-एक स्टॉपच्या सात फ्रेम काढायची हौस करू नका, दोन-दोनच्या तीन पुरतात.

गडबड झाली ती इथे: त्याने शटर दर वेळी हाताने बदलला. दोन फ्रेमच्या मध्ये चार-पाच सेकंद गेले. डोंगर कुठे जात नाही. पण पट्टकादंब जातो. कॅमेऱ्यात ब्रॅकेटिंगची सोय असते, एकदा दाबलं की तिन्ही फ्रेम सटासट निघतात. ती लावली असती तर निम्मं काम झालं असतं. निम्मंच म्हणतोय, कारण उडता पक्षी एका सेकंदातही बराच पुढे सरकतो, आणि १/१५ शटरवर तो पक्षी राहतच नाही, पुसट रेघ होतो.

मग जोडताना काय होतं? सॉफ्टवेअर प्रत्येक जागेसाठी विचारतं, तिन्हीपैकी कुठल्या फ्रेममध्ये इथलं चित्र नीट आलंय? पक्षी पहिल्या फ्रेममध्ये इथे, दुसऱ्यात तिथे. दोन्ही जागी त्याला काहीतरी गडद, ठळक दिसतं. ते दोन्ही ठेवतं. काही पक्षी अर्धपारदर्शक येतात, त्यांना भूत म्हणतात, आणि ते ओळखू येतात. पण पाण्याच्या गडद पट्ट्यावर बसलेला एखादा पक्षी चांगला भरीव येतो. आपल्या फोटोतले ते पाच तसले होते. झूम करूनही शंका येऊ नये इतके चांगले.

तुम्ही म्हणाल, डीघोस्टचं बटण आहे की. आहे. ते हललेल्या जागी एकच फ्रेम निवडतं आणि बाकीच्या दोन गप्प करतं. चांगली गोष्ट आहे. पण मग त्या जागी तुम्हाला एचडीआरचा फायदा शून्य, एकाच फ्रेमचा माल. आणि नवेगावला हलत काय नाही? पाणी हलतं, कडेची देवनळ हलते, ढिवरांचा डोंगा हलतो, धुकंसुद्धा सरकतं. डीघोस्ट जोरात लावलं तर चित्राचा तीन चतुर्थांश भाग एकाच फ्रेममधून येणार. मग एकच फ्रेम नीट का काढू नये?

माझं मत स्पष्ट आहे: पाणी आणि पक्षी असतील तर एकच रॉ, आभाळ वाचवून काढलेला, आणि बाकी काम कन्व्हर्टरमध्ये. जोडाजोडी ठेवा स्थिर गोष्टींसाठी. देऊळ, वाड्याची आतली खोली आणि खिडकीबाहेरचं ऊन, लेणी. वेरूळच्या आत उभं राहून बाहेरच्या उन्हासकट फोटो हवा असेल तर तीन फ्रेम आणि ट्रायपॉड, तिथे एचडीआर सोन्यासारखं काम करतं. अर्थात ट्रायपॉडची परवानगी आधी विचारा.

पाच पक्ष्यांचं एवढं काय घेऊन बसलास, असं कुणी म्हणेल. सांगतो. सारस घ्या. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः गोंदियात, थोडे भंडाऱ्याकडे. मोजके. दर वर्षी त्यांची गणना होते, शेताशेतात पहाटे माणसं उभी राहतात. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. जिथे एकूण आकडाच इतका छोटा, तिथे एका जोडीची फोटोत दोन जोड्या झाल्या तर तो आकडा फुगतो. आणि आकडा फुगला की कुणीतरी म्हणतं, बघा, वाढतायत की. पट्टकादंबांचंही तेच. पुढच्या वर्षी खरे १४ आले तर कागदावर पाच कमी झालेले दिसणार. तेव्हा मोजणीसाठी जो फोटो द्याल तो एका फ्रेमचाच द्या. सुंदर नसला तरी चालेल.

याच्या उलट बाजूची एक गोष्ट आहे. स्वीडनच्या एका दैनिकाचा फोटोग्राफर पॉल हान्सन. त्याने नोव्हेंबर २०१२ मध्ये गाझात एक फोटो काढला, अरुंद गल्लीतून दोन लहान मुलांचे मृतदेह घेऊन चाललेली माणसं. त्याला वर्ल्ड प्रेस फोटोचा वर्षातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. चेहऱ्यांवरचा उजेड इतका नाट्यमय होता की मे २०१३ मध्ये एका विश्लेषकाने आरोप केला, हा जोडलेला फोटो आहे, वेगवेगळी चित्रं एकावर एक ठेवून केलेला. इंटरनेट पेटलं. शेवटी वर्ल्ड प्रेसने बाहेरच्या तज्ज्ञांकडे मूळ रॉ आणि अंतिम फोटो दोन्ही दिले. त्यांनी ठिपक्याला ठिपका लावून पाहिलं आणि सांगितलं, उजेड आणि रंग ठिकठिकाणी बदललेत, पण चित्र जोडलेलं नाही. माणूस सुटला तो त्या रॉ फाइलमुळे. ती त्याने डिलीट केली असती तर? आजही लोक 'तो एचडीआरवाला खोटा फोटो' म्हणाले असते.

आणि जोडणं म्हणजे खोटं, असंही मी म्हणत नाही. आपले रमेश रासकर, नाशिकचे, पुण्याच्या सीओईपीत शिकलेले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एका जागी बसवलेल्या कॅमेऱ्याचे दिवसाचे आणि रात्रीचे फोटो एकत्र करायची पद्धत मांडली. रात्रीच्या काळोख्या चित्रात नुसता एक दिवा आणि एक हलती आकृती दिसते, ती कुठे आहे हे कळत नाही. दिवसाचं चित्र खाली घातलं की इमारत, रस्ता, सगळा संदर्भ कळतो. तिथे बघणाऱ्याला माहीत असतं की हे दोन वेळांचं चित्र आहे. तेवढं सांगितलं की प्रश्न मिटला. फोटोखाली 'तीन फ्रेम जोडलेल्या' हे तीन शब्द लिहायला काय जातं?

बरं, जोडायचंच आहे असं धरू. तर रॉचं करायचं काय? दोन वाटा आहेत. एक, रॉ थेट जोडायचे, म्हणजे कन्व्हर्ट होण्याआधीच सॉफ्टवेअर आकडे एकत्र करतं आणि एक मोठी डीएनजी फाइल देतं. लाइटरूम हे करतं, फुकटातलं एचडीआरमर्जही करतं. मला हीच वाट बरी वाटते, कारण व्हाइट बॅलन्स वगैरे सगळं नंतर ठरवता येतं. दुसरी वाट, प्रत्येक रॉ आधी १६ बिटच्या टिफमध्ये कन्व्हर्ट करायचा आणि मग एन्फ्यूजसारख्या सॉफ्टवेअरने मिसळायचा. इथे एक काळजी घ्यायचीच: तिन्ही फाइलींना व्हाइट बॅलन्स हुबेहूब एकच आणि 'ऑटो' नावाचं प्रत्येक बटण बंद. ऑटो राहिलं तर सॉफ्टवेअर काळी फ्रेम उजळवून ठेवतं, उजळ फ्रेम काळवंडून ठेवतं, आणि तीन वेगळे फोटो काढण्याची तुमची सगळी मेहनत बरोबरीत सुटते. वर सकाळचा केशरी रंग एका फ्रेममध्ये निळा, एकात पिवळा. जोडल्यावर आभाळात चट्टे.

आणि ती तिसरी, यूट्यूबवरची लाडकी वाट: एकाच रॉचे तीन जेपेग काढा, एक मायनस टू, एक झीरो, एक प्लस टू, आणि मग ते जोडा. 'सिंगल रॉ एचडीआर!' अहो, एकाच विहिरीतून तीन बादल्या काढल्या म्हणून तीन विहिरी होत नाहीत. सेन्सरवर पडला तेवढाच उजेड. त्या सगळ्या खटाटोपातून जे मिळतं ते शॅडो आणि हायलाइट हे दोन स्लायडर सरकवून मिळतं, आणि जास्त स्वच्छ मिळतं. एक मात्र आहे, यात भुतं येत नाहीत, तिन्ही फाइली एकाच क्षणाच्या असतात.

मोबाइलचं काय? तुमच्यापैकी बहुतेकजण मोबाइलनेच काढणार. तर गंमत अशी की तुमचा फोन न सांगता एचडीआरच करत असतो. गूगलने २०१३ च्या नेक्सस ५ पासून एचडीआर प्लस आणलं. त्यांची युक्ती मला फार आवडते. त्यांनी काळी-मध्यम-उजळ अशा फ्रेम घ्यायच्याच नाहीत असं ठरवलं. सगळ्या फ्रेम सारख्याच, सगळ्या थोड्या काळपट, सटासट काढायच्या. काळपट असल्याने आभाळ वाचतं, शटर वेगवान असल्याने पक्षी पुसट होत नाही. मग त्या जुळवून सरासरी काढायची. सरासरीने दाणे कमी होतात: नऊ फ्रेमना साधारण एक तृतीयांश. मग अंधार उजळवायला मोकळे. जिथे काही हललंय आणि जुळत नाही, तिथला तुकडा सॉफ्टवेअर घेतच नाही. म्हणून फोनच्या फोटोत भुतं फार कमी दिसतात. दिसत नाहीत असं नाही, फडफडणारे पंख नीट बघा एकदा.

फोनमधून रॉ हवा असेल तर अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा हे फुकट अ‍ॅप आहे, फोनने परवानगी दिली तर डीएनजी काढतं, ब्रॅकेटिंगही करतं. पण तो रॉ एकाच फ्रेमचा, कच्चा. फोनच्या स्वतःच्या अ‍ॅपमधल्या जेपेगशेजारी ठेवलात तर दाणेदार दिसेल आणि तुम्ही म्हणाल, रॉ वाईट आहे. वाईट नाही, एकटा आहे. आयफोनचा प्रोरॉ आणि पिक्सेलचा रॉ या आधीच अनेक फ्रेम जुळवलेल्या फाइली असतात. सोयीच्या आहेत, पण मोजणीचा पुरावा म्हणून द्यायच्या असतील तर हे लक्षात असू द्या. आणि स्नॅपसीडमध्ये 'एचडीआर स्केप' नावाचा फिल्टर आहे तो नावापुरता एचडीआर. स्नॅपसीड डीएनजी मात्र छान उघडतं, तेवढ्यासाठी ठेवा.

आता मित्राच्या फोटोचं काय केलं ते सांगतो. १/२५० ची काळपट फ्रेम एकटी उघडली. संगणक असेल तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी वापरा, दोन्ही फुकट. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून ५,२०० केल्विनच्या आसपास ठेवला, कारण ऑटो सकाळचा केशरी रंग 'चूक' समजून धुऊन टाकतो. एक्सपोजर दीड स्टॉप वर. आभाळ उजळलं, मग हायलाइट खाली ओढून सूर्याजवळचे रंग परत आणले. ते परत आले कारण फाइलमध्ये होतेच. मग शॅडो. इथे हात थांबवायला शिकायचं. डोंगरावर झाडं आहेत एवढं कळलं की थांबा. सकाळी सहाला त्या डोंगरावरचं एकेक पान कुणाला दिसत नाही, तुम्हालाही दिसलं नव्हतं. शेवटी दाणे कमी करणं, फक्त सावलीच्या भागात, पक्ष्यांवर नाही.

क्लॅरिटी आणि डीहेझ हे दोन स्लायडर मी हात न लावता सोडले. हिवाळ्यात नवेगावला पाण्यावर धुक्याचा थर असतो, तो जाऊन डोंगर कडक दिसावा म्हणून लोक डीहेझ पन्नासवर नेतात. अरे, धुकं बघायलाच तर पहाटे उठलात ना!

अति झालंय का हे ओळखायला दोन जागा बघा. पहिली, डोंगराची कड. आभाळाला लागून पांढरी प्रभावळ दिसली, देवाच्या तसबिरीत असते तशी, तर टोन मॅपिंग जास्त झालंय. दुसरी, पाणी. पाण्यातलं प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा नेहमी थोडं गडदच असतं, कारण पडलेला सगळा उजेड पाणी परत देत नाही, काही आत जातो. ज्या फोटोत पाण्यातलं आभाळ वरच्या आभाळापेक्षा उजळ दिसतं, तो फोटो बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खटकतो. पर्यटनाच्या बॅनरवर असले तलाव पुष्कळ असतात, जांभळं आभाळ, पोपटी पाणी. मग तो बॅनर बघून नागपूरहून आलेला माणूस बांधावर उभा राहून विचारतो, "ते फोटोतलं ठिकाण कुठंय?"

एका पक्ष्यावरही हाच झगडा असतो बरं. वारकरी नावाचं पाणपाखरू आहे, चांदवाही म्हणतात. अंग काळंकुळकुळीत आणि कपाळावर पांढरीशुभ्र टिकली. काळ्या अंगासाठी एक्सपोजर वाढवलं की टिकली फुटली. टिकली वाचवा. काळ्या पिसांचा पोत रॉमधून थोडा का होईना निघतो.

शेवटचं, आजकाल एचडीआर या शब्दाला दुसराही अर्थ आलाय, त्याने गोंधळ होतो. अँड्रॉइड १४ पासून 'अल्ट्रा एचडीआर' फोटो आलेत. आतापर्यंत बोललो तो एचडीआर म्हणजे मोठा प्रकाश छोट्या पडद्यात दाबून बसवणं. हा त्याच्या उलट: पडदाच जास्त चमकू शकतो, तर सूर्याजवळचा भाग खरोखर जास्त चमकवणं. साध्या जेपेगच्या पोटात एक नकाशा असतो, कुठला भाग किती पट उजळवायचा त्याचा. जुन्या फोनवर साधा फोटो दिसतो, नव्यावर सूर्य डोळ्यात येतो. नवेगावच्या सकाळीसाठी हे फार छान आहे, कारण डोंगर खोटा उजळ न करताही आभाळ जिवंत वाटतं. फक्त फोटो पाठवताना अ‍ॅप तो नकाशा काढून टाकू शकतं. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

रॉ फाइली जागा खातात, हे खरंय. १२ मेगापिक्सेलचा न दाबलेला रॉ साधारण २४ एमबी, म्हणजे शंभर फोटोंना जवळजवळ अडीच जीबी. सगळे ठेवू नका. पण जो फोटो कुठे दिलात, स्पर्धेला, गणनेला, पेपरला, त्याचा रॉ दोन ठिकाणी ठेवा, आणि फाइलचं नाव बदलू नका.

आपल्या मित्राने शेवटी गणनेच्या ग्रुपवर १/२५० वाली एकच फ्रेम टाकली, खाली लिहून: पट्टकादंब, १४. जोडलेला फोटो त्याने घरी फ्रेम करून लावलाय, म्हणाला आईला तोच आवडतो.